भिंतीतलं फडताळ

चिपळूणहून कराडच्या वाटेला लागलेली एसटी शिरगाव मागे टाकते आणि कुंभार्ली घाटाची चढण सुरू व्हायच्या आधी पोफळी येतं. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. कोकणात अशा नावाचं गाव असण्यात नवल नाही, नवल आहे ते डोंगराच्या पोटात. सह्याद्री कोरून केलेल्या भल्यामोठ्या गुहेत तिथे वीज तयार करणारी आठ यंत्रं ओळीनं बसवलेली आहेत. घाटमाथ्यावर अडवलेलं कोयनेचं पाणी बोगद्यातून डोंगर ओलांडून पश्चिमेला येतं, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पेल्टन चाकांवर आदळतं आणि मग वाशिष्ठीच्या खोऱ्याला लागतं. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन टप्प्यांची मिळून क्षमता आज ६०० मेगावॅट आहे.

पाहुण्याची नजर चाकांवर जाते. पाळीवरच्या माणसाची नजर मात्र लॉगशीटवर असते. कुठल्याही जुन्या वीजघरातला हा कागद साधाच असतो. डावीकडे तास, वर यंत्राचा क्रमांक आणि रकान्याचं नाव, चौकटीत आकडा. किती मेगावॅट, किती व्होल्ट, बेअरिंग किती तापलंय. ‘यंत्र ३, सकाळचे ६, बेअरिंग’ एवढं सांगितलं की बोट बरोबर एका चौकटीवर जाऊन थांबतं. हा कागद बेरीज सांगत नाही की सरासरी काढत नाही. पत्ता घेतो आणि आकडा देतो, बस.

संगणकाच्या धंद्यात या पत्त्याला ‘की’ म्हणतात आणि आकड्याला ‘व्हॅल्यू’. अशा जोड्या सांभाळणारं, वेगळा सर्व्हर न मागणारं आणि प्रोग्रॅमच्याच पोटात राहणारं भांडार म्हणजे ‘एम्बेडेड’ डेटाबेस. मराठीत त्याला कुणी ‘अंतःस्थापित’ वगैरे म्हणेल, पण कोकणातल्या जुन्या घरांत याहून नेमका शब्द पडून आहे: फडताळ. कपाट बाजारातून आणता येतं, या खोलीतून त्या खोलीत ढकलता येतं. फडताळ भिंत बांधतानाच भिंतीत होतं. त्याला स्वतःचं दार असतं, स्वतःचं घर नसतं. याउलट ऑरॅकलसारखे मोठे डेटाबेस म्हणजे तालुक्याची कचेरी. ठरल्या भाषेत अर्ज लिहायचा, खिडकीवर द्यायचा, उत्तराची वाट पाहायची. कचेरीचं काम कचेरीतच व्हावं, पण घरातली मिठाची बरणी काढायला तालुक्याला कोण जातं?

या फडताळाचा इतिहास पन्नास वर्षांचाही नाही. त्यामागची युक्ती मात्र आपल्या पेढ्यांवर केव्हापासून नांदत होती.

पेढीवर दोन वह्या असत, कीर्द आणि खतावणी. कीर्दीत दिवसभराचा व्यवहार जसा घडला तसा, एकाखाली एक. मागचं खोडायचं नाही, मध्ये घुसडायचं नाही. खतावणीत तोच व्यवहार माणसागणिक, खात्यागणिक मांडलेला. कीर्द लिहायला सोपी आणि शोधायला अवघड, खतावणी नेमकी उलटी. म्हणून दोन्ही ठेवायच्या, आणि खतावणीवर शाई सांडली तर कीर्दीवरून पुन्हा उतरवून काढायची. आजच्या बहुतेक डेटाबेसांच्या पोटात हीच जोडी आहे. बदल आधी एका सलग फाइलच्या शेवटी लिहायचा, मग तो जागेवर लावायचा. मध्येच वीज गेली तर सलग फाइल वाचून उरलेलं काम पुरं करायचं. २०१० मध्ये बाशो या कंपनीनं काढलेलं बिटकास्क तर निव्वळ कीर्दच. फाइलमध्ये फक्त शेवटी भर घालायची, आणि कुठली नोंद कुठल्या ओळीवर आहे याची खतावणी संगणकाच्या स्मृतीत ठेवायची.

पहिलं फडताळ बेल लॅब्जमध्ये बसलं. युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, डीबीएम नावाची छोटी लायब्ररी दिली. उघडा, ठेवा, काढा, पुसा, एकामागून एक चाळा: कामं जेमतेम एवढीच. तिच्यामागची युक्ती ‘हॅशिंग’ची, आणि तीही आधीची. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्येच ती टिपून ठेवली होती. नावाच्या अक्षरांचा काही एक गणिती काला करून आकडा काढायचा आणि त्या आकड्याच्या कप्प्यात वस्तू ठेवायची. पुन्हा हवी असेल तेव्हा तोच काला, तोच आकडा, तोच कप्पा. सगळं फडताळ धुंडाळायची गरज पडत नाही. थॉम्पसन यांच्या रचनेतली मौज अशी की एखादा कप्पा भरला की तेवढाच दुभंगायचा. त्यातला माल हॅशचा पुढचा एक बिट पाहून दोन कप्प्यांत वाटायचा. बाकीच्या कप्प्यांना हात लागत नाही.

मर्यादाही गमतीशीर होत्या. की आणि व्हॅल्यू मिळून ५१२ बाइटांत मावलं पाहिजे. एका वेळी एकच भांडार उघडता येई. दोन फाइली होत, ‘.पॅग’ आणि ‘.डर’. त्यातल्या पॅग फाइलीत मोकळ्या जागा सुटलेल्या असत. डिस्कवर त्या जागा घेत नसत, पण कुणी भाबडेपणानं फाइलची नक्कल केली की सगळी भोकं शून्यांनी भरून निघत आणि फाइल फुगे. युनिक्सच्या पुस्तिकेत याची स्पष्ट सूचना होती. तीच पुस्तिका हेही सांगत होती की भांडार कितीही मोठं झालं तरी हवी ती नोंद डिस्कवरच्या एका किंवा दोन खेपांत मिळेल. त्या काळच्या संथ डिस्कांवर ही चैन होती.

ही चैन टपाल खात्याला लगेच आवडली. इथे टपाल म्हणजे ईमेल. सेंडमेल या प्रोग्रॅमला पत्र कुणाचं आणि पोचवायचं कुठे याची टोपणनावांची यादी लागे. यादी मोठी झाली की ती डीबीएममध्ये घालत. १९८६ साली बर्कलीच्या युनिक्समध्ये एनडीबीएम आलं आणि एका वेळी अनेक भांडारं उघडता येऊ लागली. मग १९९१ मध्ये मार्गो सेल्टझर आणि ओझान यिगित यांनी युनिक्ससाठी हॅशिंगची नवी लायब्ररी मांडली, आणि तिच्यातून बर्कली डीबी वाढलं. त्यात हॅशबरोबर बी-ट्रीही होतं.

बी-ट्री कशाला, ते पोफळीच्याच उदाहरणानं कळेल.

समजा वीजघराच्या नोंदी अशा भांडारात ठेवायच्या आहेत. ‘यंत्र ३, १ जून, सकाळचे ६’ ही की. हॅशच्या फडताळात ही नोंद क्षणात सापडेल, पण ‘सकाळी ६ ते दुपारी १२ एवढं सगळं दे’ म्हटलं तर हॅश हात वर करतो. काला केल्यावर ६ आणि ७ शेजारी राहत नाहीत, कुठल्या कुठे फेकले जातात. बी-ट्री सगळ्या की क्रमानं लावतं. पण क्रम अक्षरांचा, आकड्यांचा नव्हे. तास ‘९’ आणि ‘१०’ असे लिहिले तर अक्षरांच्या हिशेबानं १० आधी येतो, कारण १ हे अक्षर ९ च्या अलीकडचं. म्हणून तास ‘०९’ असा लिहायचा. तारीखही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. या विद्येत नवखा माणूस पहिला आठवडाभर या एका शून्यापायी केस उपटतो.

पुढचा प्रश्न अधिक खोल आहे. कीमध्ये आधी काय लिहायचं, यंत्र की तारीख? यंत्र आधी लिहिलं तर एका यंत्राचा वर्षाचा इतिहास सलग मिळतो, पण ‘आज सकाळी आठही यंत्रं कशी होती’ हे विचारायला आठ ठिकाणी जावं लागतं. तारीख आधी लिहिली तर उलट. कोयनेच्या बाबतीत तर वर्षच वेगळं. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला किती वळवायचं यावर बच्छावत लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी अशी मर्यादा घातली, आणि हे पाण्याचं वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपतं. ‘यंदा आतापर्यंत किती पाणी पोफळीकडे उतरलं’ हा प्रश्न रोजचा असेल तर कीच्या सुरुवातीला जलवर्ष हवं, जानेवारीत सुरू होणारं वर्ष ठेवून भागत नाही. कचेरीतल्या मोठ्या डेटाबेसला प्रश्न नंतर सुचला तरी चालतो. फडताळ लावतानाच घरच्या बाईला ठाऊक असावं लागतं की रोज हाताशी काय लागणार.

कोयनेचा विषय निघालाच आहे, तर तिथली एक नोंद जगभर कशी गेली तेही सांगितलं पाहिजे. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. सुमारे ६.३ तीव्रतेच्या भूकंपानं कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली, धरणाच्या उंच खंडांना तडे गेले. त्या वेळी धरणाच्या १-अ या खंडात बसवलेलं त्वरणमापक जागं होतं. धरणाच्या लांबीच्या दिशेनं गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, आडव्या दिशेनं ०.४९ पट, उभ्या दिशेनं ०.३४ पट असे कमाल धक्के त्यानं टिपले. धरणाच्या अंगावरच अशी नोंद मिळणं दुर्मीळ. ती कागदावरून आकड्यांत आली तेव्हा दोन रकान्यांची यादी झाली: क्षण आणि त्या क्षणीचा धक्का. की आणि व्हॅल्यूच. अबॅकस या जगभर वापरल्या जाणाऱ्या अभियांत्रिकी प्रणालीच्या उदाहरणसंग्रहात कोयना धरण आजही आहे. त्याबरोबर आडव्या आणि उभ्या धक्क्यांच्या दोन फाइली मिळतात, नावातच ‘कोयना’ असलेल्या. काँक्रीटच्या धरणाला तडा कसा जातो हे शिकणारा विद्यार्थी जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, त्या पहाटेची दहा सेकंदं तो पुन्हा चालवून पाहतो.

आकडे ठेवणं सोपं. घोळ सुरू झाला तो आकड्यांच्या जागी वस्तू आल्या तेव्हा.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत प्रोग्रॅमर आकड्यांत विचार करत नाही, वस्तूंत करतो. ‘यंत्र’ ही एक वस्तू. तिला क्रमांक आहे, नोंदींची यादी आहे, आणि ‘थांब’, ‘चालू हो’ अशी तिची स्वतःची कामंही आहेत. फडताळाला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त बाइटांची माळ हवी. शिवाय प्रोग्रॅम बंद झाला की वस्तू मरते. ती मरू नये आणि त्यासाठी प्रोग्रॅमरला वेगळी खटपट करावी लागू नये, हा विचार १९८०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये माल्कम ॲटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी पीएस-अल्गोल या भाषेतून रेटला. या चिवट जिवंतपणाला शब्द पडला ‘पर्सिस्टन्स’. १९८९ मध्ये क्योटोच्या परिषदेत ॲटकिन्सन, बान्सिलों, डेविट, डिट्रिच, मायर आणि झ्डॉनिक या सहा जणांनी ऑब्जेक्ट डेटाबेसचा जाहीरनामाच मांडला. त्यांचं म्हणणं, वस्तू मोडून तक्त्यांत कोंबण्यापेक्षा डेटाबेसलाच वस्तू कळू द्या.

लगेच पुढच्या वर्षी, १९९० मध्ये, आनंद देशपांडे यांनी पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. डेटाबेस या विषयात अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट आणि मग एचपीच्या पालो अल्टोतल्या प्रयोगशाळेतली नोकरी, अशी त्यांची पार्श्वभूमी. पुण्याच्या रिक्षावाल्याला आज सेनापती बापट रस्त्यावरची ‘पर्सिस्टंट’ बरोबर ठाऊक असते. हा शब्द त्या काळी डेटाबेसवाल्यांच्या गप्पांतला परवलीचा शब्द होता हे मात्र तिथे काम करणाऱ्यांतल्याही अनेकांच्या गावी नसेल. जाहीरनाम्यातली लढाई ऑब्जेक्ट डेटाबेसवाले हरले. तक्तेच जिंकले. आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन ज्याचे सहलेखक आहेत ते डेटाबेसचं पाठ्यपुस्तक उघडून महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या पिढ्यांनी डेटाबेस म्हणजे तक्ते आणि एसक्यूएल ही अर्जाची भाषा, हेच समीकरण घोकलं. ते चूक नव्हे, पण त्यात फडताळाला बाहेरच्या पडवीत जागा मिळाली.

वस्तू आणि फडताळ यांची गाठ घालण्याचा सगळ्यात घरगुती प्रयोग पायथन भाषेत झाला, आणि त्याची नावं ऐकली की ही भाषा कोकणातल्या एखाद्या स्वयंपाकघरात बेतली असावी असं वाटतं. भांडाराचं नाव ‘शेल्व्ह’, म्हणजे फळीवर ठेवणं. आणि वस्तूची बाइटांत मुरवून माळ करायची त्या क्रियेचं नाव ‘पिकल’. लोणचं! फळीवर लोणच्याच्या बरण्या. कीच्या जागी बरणीवरची चिठ्ठी, आत मुरलेली वस्तू. खाली डीबीएमच्या वंशातलं कुठलंही एखादं भांडार.

वापरणाऱ्याला हे भांडार शब्दकोशासारखं दिसतं. चौकोनी कंसात ‘यंत्र३’ लिहिलं की वस्तू हातात. इतकं सोपं की माणूस फसतो. तो यंत्र३ काढतो, त्याच्या नोंदींच्या यादीत बेअरिंगचं आजचं तापमान जोडतो, छापून पाहतो आणि प्रोग्रॅम बंद करतो. संध्याकाळी पुन्हा उघडतो तर आजचं तापमान नाही. चूक दाखवणारा संदेशही नाही. झालं काय, तर बरणीतून एक फोड वाटीत काढली, वाटीतल्या फोडीवर मीठ भुरभुरलं, आणि वाटी तशीच घासायला टाकली. बरणीत मीठ जाणार कसं? फोड पुन्हा बरणीत घालायला हवी होती. म्हणजे बदललेली वस्तू त्याच कीवर परत ठेवायला हवी होती. यावर ‘राइटबॅक’ नावाची सोय आहे. मग काढलेली प्रत्येक वाटी ओट्यावर मांडून राहते आणि दार लावताना सगळ्या वाट्या बरण्यांत रिकाम्या होतात. सोय खरी, पण ओटा लवकर भरतो आणि दार लावायला वेळ लागतो.

दुसरा फटका उशिरा बसतो, कधी दोन वर्षांनी. लोणच्याच्या बरणीत कृती नसते. पिकल वस्तूची माहिती मुरवतं, तिच्या जातीचं, म्हणजे ‘क्लास’चं, फक्त नाव आणि गाव लिहून ठेवतं. मधल्या काळात कुणी शहाण्यानं क्लासचं नाव बदललं की बरणी उघडत नाही. नाव तेच ठेवून ‘शेवटची दुरुस्ती’ असा नवा रकाना क्लासमध्ये वाढवला, तर बरणी उघडते पण आतल्या जुन्या यंत्राला तो रकानाच नसतो, कारण मुरलेली वस्तू बाहेर येताना तिची नव्यानं घडण होत नाही. आणि परक्याची बरणी तर उघडूच नये. पिकलमध्ये असा मसाला घालता येतो की उघडताक्षणी संगणकावर हवी ती आज्ञा चालेल. पायथनच्या अधिकृत पुस्तिकेत हा इशारा ठळक दिलेला आहे.

फडताळं टिकली, बरण्यांतलं नासलं, असा हा सगळा इतिहास आहे.

याच मुशीतून एक मोठं घर उभं राहिलं. पिकलची वेगवान आवृत्ती लिहिणारे जिम फुल्टन यांनीच झेडओडीबी हा पायथनचा ऑब्जेक्ट डेटाबेस घडवला. झोप ही वेबसाइटी चालवणारी प्रणाली त्याच्यावर उभी होती, आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. झेडओडीबीचा बाहेरचा थाट वस्तूंचा, पण आत डोकावलं तर पुन्हा तीच जोडी. वस्तूचा क्रमांक ही की, पिकल केलेली वस्तू ही व्हॅल्यू. सगळं एका सलग फाइलमध्ये, शेवटी भर घालत जाणाऱ्या. अस्सल कीर्द. ती फुगली की ‘पॅक’ करून जुन्या नोंदी काढून टाकायच्या. मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे नागार्जुन जी. यांनी संकल्पनांचं जाळं विणणारी ‘नोसिस’ ही प्रणाली पायथनमध्ये, आधी झोपच्या अंगणात वाढवली. गुरुत्व, भिंग, पेशी अशी एकेक संकल्पना म्हणजे एकेक वस्तू, आणि तिची इतरांशी नाती. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पानं तिला आपली म्हटलं. शाळेतल्या विज्ञानाची गुंतागुंत तक्त्यांत बसत नाही, असं ज्यांना वाटत होतं त्यांना वस्तूंचं भांडार जवळचं वाटावं हे ओघानंच आलं.

इकडे बर्कली डीबीचं नशीब उघडलं होतं. नेटस्केपला फडताळ हवं होतं, पण कचेरीसारखी हमी असलेलं: अर्धवट व्यवहार नको, वीज गेली तरी हिशेब शाबूत. त्यातून १९९६ मध्ये सेल्टझर आणि कीथ बोस्टिक यांनी स्लीपीकॅट कंपनी काढली. २००७ मध्ये ॲमेझॉननं आपली डायनॅमो ही प्रणाली जगाला सांगितली. खरेदीच्या टोपलीसारख्या गोष्टी सांभाळणाऱ्या तिच्या प्रत्येक यंत्राच्या पोटात बसवता येणाऱ्या भांडारांत बर्कली डीबीचं नाव होतं, जावामधल्या आवृत्तीसकट. तोवर, २००६ मध्ये, स्लीपीकॅट ऑरॅकलनं घेतली होती. फडताळ कचेरीच्या मालकीचं झालं. २०१३ मध्ये परवान्याच्या अटी कडक झाल्या आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी हळूहळू आपल्या भिंतींतून हे फडताळ काढायला घेतलं.

त्याच २०१३ च्या मार्चमध्ये एक प्रसंग घडला. बिटकॉइनची नवी ०.८ ही आवृत्ती आली होती. तिनं बर्कली डीबी सोडून गूगलनं २०११ मध्ये खुलं केलेलं लेव्हलडीबी घेतलं. आतलं फडताळ बदललं तर बाहेर कुणाला काय कळणार? ११ मार्चच्या सुमारास नव्या आवृत्तीवर एक भलामोठा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या वहीचं एक पान, तयार झाला. नव्यांनी तो मान्य केला, जुन्या आवृत्त्यांतल्या अनेकांनी नाकारला. कारण जुन्यांच्या बर्कली डीबीत एका वेळी किती कुलपं लावता येतील याचा आकडा ठरवून ठेवलेला होता, आणि त्या ब्लॉकला त्याहून जास्त कुलपं लागत होती. ती मर्यादा नियम म्हणून कुणी लिहिलेली नव्हती, कुणाच्या ध्यानातही नव्हती. पण काही तास जगात बिटकॉइनच्या दोन वह्या चालल्या. शेवटी जाणत्यांनी नव्यांनाच मागे यायला सांगितलं, आणि नव्या वहीतली चोवीस पानं रद्द झाली.

जपानमध्ये मिकिओ हिराबायाशी यांना मात्र कपाटांचाच छंद. मिक्सी या तिथल्या सोशल नेटवर्कसाठी काम करताना त्यांनी टोकियो कॅबिनेट घडवलं, पुढे क्योटो कॅबिनेट. टोकियो कॅबिनेट ही लायब्ररी सी भाषेत असली तरी रुबी, पर्ल, जावा अशा भाषांतून सहज हाताळता येई. रुबीच्या मंडळींत तर ती काही काळ वेगाचा वाखाणलेला नमुना होती. कपाट म्हणावं, फळी म्हणावं, कोनाडा म्हणावा, पण या विद्येतल्या माणसांना घरातल्या सामानाबाहेरचं नाव सुचत नाही.

सगळ्यात मोठी गंमत एसक्यूलाइटची. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठीच्या कामात होते, आणि कचेरी बंद पडली की आपला प्रोग्रॅम अडतो याचा त्यांना वैताग आला. म्हणून त्यांनी एसक्यूएल समजणारं, पण घरातच राहणारं भांडार लिहिलं. ऑगस्ट २००० मधल्या पहिल्या आवृत्तीत त्याच्या तळाशी काय होतं? जीडीबीएम, म्हणजे थॉम्पसन यांच्या डीबीएमचा ग्नूवाल्यांनी लिहिलेला भाऊबंद. पुढच्या आवृत्तीत हिप यांनी स्वतःचं बी-ट्री घातलं. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये एसक्यूलाइट असतं. पोफळीच्या स्टँडवर एसटीची वाट पाहणाऱ्याच्या खिशातही असतंच. आणि त्यानं लॅपटॉपवर क्रोममध्ये व्हॉट्सॲप उघडलं की ब्राउझरच्या पोटातलं लेव्हलडीबी कामाला लागतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथनची ३.१३ ही आवृत्ती आली. शेल्व्हसाठी नवं भांडार तयार करताना तिची पहिली पसंती आता एसक्यूलाइट. जे एकदा डीबीएमच्या भाऊबंदावर उभं राहिलं, तेच डीबीएमची जागा घेऊन खाली बसलं.

मग जुन्या बरण्यांचं काय? पंधरा वर्षांपूर्वी कुणी तरी मागे सोडलेली, नाव-गाव नसलेली फाइल हाती आली तर ती कुठल्या फडताळाची हे कसं ओळखायचं? पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचा रुमाल सोडणारा जाणकार तारीख वाचायच्या आधी मोडीचं वळण पाहतो आणि कागद शिवकालीन, पेशवेकालीन की आंग्लकालीन ते सांगतो. पायथनमध्ये याच कामाला ‘व्हिचडीबी’ नावाचं एक छोटं फंक्शन आहे. ते आधी शेजारी ‘.पॅग’ आणि ‘.डर’ अशी जोडी आहे का पाहतं. नसेल तर फाइल उघडून पहिले सोळा बाइट वाचतं. तिथे एसक्यूलाइटची सही दिसली तर एक उत्तर, जीडीबीएमचा ठरलेला खुणेचा आकडा दिसला तर दुसरं. वळण ओळखीचं नसलं तर ते रिकामी ओळ परत करतं.